स्टेला मारिसची किटू

चर्चच्या पुस्तकात तिचं नाव किटेरिया बार्रेटो असं आहे. तळसांयमध्ये मात्र ती जन्मापासून किटू. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलो, एकाच शाळेत गेलो आणि दहावीला गणितात एकत्रच गटांगळ्या खाल्ल्या. तिचं घर चर्चच्या मागे, आमचं दुकान तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, बसथांब्याच्या समोर. त्यामुळे गावात कोण आलं आणि कोण गेलं हे मला कुणाला विचारावं लागत नाही. अलीकडे पाहिले ते बहुतेक जाणारेच.

किटू लहानपणापासून चाकांची वेडी. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतांच्या, बांधावर एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चिखल. त्या हातभर वाटेवरून भरधाव सायकल सोडणारी मुलगी ती एकटीच. दोनदा चिखलात गेली. दुसऱ्या वेळी तिची आई काठी घेऊन धावत आली, तर नखशिखांत माखलेली ही पोरगी म्हणते, "मांय, आधी सायकल वर काढ, मग मला मार."

पुढे तिचं लग्न इनासशी झालं. इनासची स्वतःची मिनीबस होती, तळसांय ते मडगाव. निळा रंग, कपाळावर पांढऱ्या अक्षरांत नाव: स्टेला मारिस. नवरा पसंत पडला की बस, असं विचारून आम्ही तिला फार छळलं. ती म्हणायची, "दोघांनाही धक्का मारूनच सुरू करावं लागतं."

लग्नानंतर कितीतरी वर्षं ती इंजिनाशेजारच्या आखूड सीटवर बसून मडगावला जायची. नजर बाहेर नसायची, इनासच्या पायांवर असायची. क्लच कधी दाबतो, गियर कधी बदलतो, सगळं बघून ठेवायची. दिराच्या पिकअपवर ती गाडी शिकली, परवानाही काढला. पण बसला हात लावायला इनास देईना.

"एकदा दे ना रे. नुसती तिंट्यापासून कपेलाच्या क्रुसापर्यंत."

"किटे, ही बस आहे. तुझं शिवणाचं मशीन नव्हे."

"मशीन मी छान चालवते."

"मग तेच चालव."

सगळी बस हसायची, तीही हसायची. पण मी तिला ओळखते. हसताना ती खिडकीबाहेर बघायला लागली की समजायचं, लागलं आहे.

मग गावात पोर्तुगीज पासपोर्टाची लाट आली. ज्याचे आजोबा-पणजोबा त्या राजवटीत जन्मले होते, त्या प्रत्येक घरात जुने दाखले शोधायचं काम सुरू झालं. आज या वाड्यावर निरोपाची लादाईन, म्हणजे घरची प्रार्थना, उद्या त्या वाड्यावर. घरांना कुलपं लागत गेली, कुलपांच्या किल्ल्या शेजारी आणि शेजारीही पुढच्या वर्षी विमानात. प्रवासीच उरले नाहीत तर बस कोणासाठी पळवायची? इनासने स्टेला मारिस बॉस्त्यांवला विकली. बॉस्त्यांव म्हणजे नदीकाठी बार असलेला, गावातला एकमेव माणूस जो कुठेच जाणार नव्हता, कारण त्याला आळस होता. त्याच पासपोर्टावर इनास, किटू आणि मुलगा रायडेल इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले. रायडेल तेव्हा अकरावीत होता.

निघताना किटू दुकानात आली. चोरिस सॉसेजची माळ पिशवीत भरता भरता म्हणाली, "यमे, पाच वर्षं. घराचं छप्पर नवीन घालायचं, रायडेलला उभा करायचा, की परत."

मी म्हटलं, "सगळे पाचच म्हणतात."

"सगळ्यांचं मला काय सांगतेस? मी किटू आहे."

छप्पर दोन वर्षांत झालं. रायडेलही उभा राहिला. पण पाचाची सहा झाली, सहाची आठ.

पहिली तीन वर्षं तिथे ती एका शाळेचे वर्ग झाडायची. इनास गोदामात रात्रपाळीला. ती कामावरून यायची तेव्हा तो निघायचा, दोघांची गाठ जिन्यात. एके दिवशी ती ज्या बसने घरी यायची त्याच बसच्या पाठीवर जाहिरात दिसली, ड्रायव्हर पाहिजेत, शिकवून घेऊ. तिने घरी कुणाला सांगितलं नाही. अर्ज केला, बोलावणं आलं, आणि चाळिशी ओलांडलेली आमची किटू भल्या मोठ्या दुमजली बसच्या स्टिअरिंगच्या चाकावर जाऊन बसली.

स्विंडनमध्ये एक चौक आहे. मध्ये मोठं चक्र आणि त्याच्याभोवती पाच लहान चक्रं, आणि मधल्या चक्रात गाड्या उलट्या दिशेने फिरतात. तिथलेच लोक त्या चौकाला घाबरतात. पहिल्या परीक्षेत किटू त्या चौकात अडकली, मागे गाड्यांची रांग लागली आणि ती नापास झाली. फोनवर मला सांगत होती तेव्हा आवाज रडवेला होता.

"यमे, मला वाटलं, इनासचंच खरं. आपलं मशीन बरं."

"मग सोडलंस?"

"सोडते कसली! रविवारी सकाळी सायकल घेऊन तिथे जाते. गाड्या कमी असतात. फिरत बसते गोल गोल. एक म्हातारा फिरायला येतो, त्याला वाटतं मी वेडी आहे. हात हलवतो."

दुसऱ्या वेळी ती पास झाली. तेव्हा घरी सांगितलं. इनासने ऐकलं. जेवला, भांडी घासली, झोपला. पण तिच्या नेमणुकीच्या पहिल्या दिवशी तो पहाटे कामावरून सुटला आणि घरी न जाता थांब्यावर उभा राहिला. दिवसभराचं तिकीट काढून तिच्या मागच्याच सीटवर बसला. अख्खा दिवस. बस स्टेशनपासून टेकडीपर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते, आणि हा आपला तिथेच. मधे मधे डुलकी लागायची, डोकं काचेवर आपटायचं. शेवटच्या फेरीला सगळे उतरल्यावर म्हणाला, "वळणावर ब्रेक जरा आधी दाब." आणि मग, "पण चांगली चालवतेस गे."

हे सांगताना किटू फोनवर इतकी हसली की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसायला लागली.

त्या गावात तिचं नाव झालं. उतरताना माणसं ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतात तिथे. आणि ही उत्तरात प्रत्येकाची विचारपूस करणार. कुणाचा गुडघा, कुणाचं मांजर. बर्फात बाकीचे रजा टाकायचे तेव्हा ही जायची. एका वर्षी कंपनीने तिचा फोटो मोठा करून आगाराच्या भिंतीवर लावला. तो फोटो तिने मला पाठवला, मी दुकानात लावला. काजूच्या बरण्यांच्या वर. अजून आहे.

इनासला मात्र ती थंडी मानवली नाही. गुडघे गेले. पण गुडघ्यांचं निमित्त. खरं म्हणजे तो माणूस तिथे मिटत चालला होता. इथे तिंट्यावर दहा जण त्याला हाक मारायचे, तिथे आठवडाभर स्वतःचं नाव कानावर पडायचं नाही. शेवटी तो परत आला. घर उघडलं, विहीर उपसली, चार माड होते त्यांच्याकडे बघायला लागला. किटू तिथेच राहिली. रायडेलचं नुकतंच लग्न झालं होतं, पुढे त्याला मुलगी झाली, लेया. तिला शाळेतून आणायला आजी हवी. आणि कामही किटूला प्रिय होतं, हे कशाला लपवायचं?

अशी सहा वर्षं गेली. नवरा तळसांयमध्ये, बायको स्विंडनमध्ये, संध्याकाळी फोनच्या काचेवर दोघं समोरासमोर. तो तिला तव्यावरचा बांगडा दाखवायचा, ती त्याला बर्फ दाखवायची. दरवर्षी महिनाभर ती यायची. विमानतळावर परदेशी माणसांच्या रांगेत उभी राहायची, कारण पासपोर्ट आता इथला नव्हता. त्या रांगेचा तिला फार राग. "माझ्या पुढे एक रशियन, मागे एक जर्मन, आणि मध्ये मी, हातात नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. तो साहेब मला विचारतो, किती दिवस राहणार? मी त्याला म्हटलं, बाबा, माझी नाळ पुरली आहे इथे, तू किती दिवस राहणार ते सांग!"

"असं म्हणालीस?"

"मनात म्हणाले."

इथे आली की तिथलं आठवायचं, तिथे गेली की इथलं. इथे कुणी रस्त्यात कचरा टाकला की ती चिडायची, लोक म्हणायचे, विलायत चढली हिला. तिथे कुणी "तुमच्या देशात" अशी सुरुवात केली की गप्प व्हायची. एकदा मला म्हणाली, "यमे, दोन्हीकडे मी पाहुणी झाले आहे. पाहुण्याला सगळे मान देतात, पण स्वयंपाकघरात कुणी घेत नाही."

मागच्या वर्षी ती मार्चमध्ये आली. गावाची बस नाताळापासून बंद होती. बॉस्त्यांवचा ड्रायव्हर आखातात गेला होता आणि दुसरा मिळत नव्हता. ज्याला जड गाडी चालवता येते तो गोव्यात कशाला राहील? स्टेला मारिस बारच्या मागे फणसाखाली उभी होती. टपावर पानांचा थर, आत कोंबड्या.

त्याच महिन्यात तळसांयचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यात पोचला. कित्येक वर्षांनी. सामना मडगावला. बॉस्त्यांवने कोंबड्या हाकलल्या, बस धुतली, कुंकळ्ळीहून एका दिवसापुरता ड्रायव्हर ठरवला. दुपारी सगळा गाव तिंट्यावर. खेळाडू, झेंडे, ढोल, पाद्री विगार, सगळे. आणि ड्रायव्हरचा फोन आला, मी येत नाही.

सगळ्यांच्या माना एकदम किटूकडे वळल्या. ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सोडा पीत होती.

"किटू, चल, बस!" बॉस्त्यांवने किल्ली पुढे केली.

"मी नाही."

"का गे? तिकडे दुमजली चालवतेस ना?"

"तिकडचा परवाना आहे माझ्याकडे. इकडचा फक्त चारचाकीचा. चाळीस माणसं मागे घेऊन बिनपरवाना मी चाकावर बसणार नाही."

"अगं अर्ध्या तासाचा तर रस्ता! कोण बघतोय?"

"मी बघते आहे."

लोकांना आधी वाटलं थट्टा करते. मग आवाज चढले. कुणी म्हणालं, लिस्बनची राणी आली. कुणी म्हणालं, गोऱ्यांना फिरवताना हात दुखत नाहीत, गावाला नेताना दुखतात. बॉस्त्यांव तर सरळ म्हणाला, "पासपोर्ट बदलला की माणूस बदलतो, मी म्हणतच होतो." इनास बाजूला उभा होता. इतकी वर्षं बस चालवलेला, पण त्याचा परवाना कधीच संपला होता आणि गुडघा क्लच दाबू देत नव्हता. तो एवढंच म्हणाला, "ती नाही म्हणते म्हणजे नाही. तोंडं आवरा."

पोरं शेवटी स्कूटरवर तिघं-तिघं, कुणाच्या पिकअपमध्ये, अशी गेली. उशिरा पोचली, धापा टाकत मैदानात उतरली आणि दोन गोलांनी हरली. त्या संध्याकाळी बारमध्ये दोन्ही गोल किटूच्या नावावर लागले.

पुढचे काही दिवस ती तिंट्यावर फिरकली नाही. इनास पाव न्यायला यायचा, मान खाली घालून. मग एका सकाळी ती आली. थांब्यावर पर्पेत तिया बसली होती, सगळ्या गावाची मावशी. ऐंशीच्या पुढची म्हातारी, अंगावर बाहेर जायचा झगा, मांडीवर पर्स. तिच्या डोळ्यात इंजेक्शन घ्यायला तिला मडगावला जावं लागतं. मुलगे तीन, तिघंही बाहेर.

किटूने विचारलं, "तिया, बस बंद आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे गे."

"मग इथे कशाला बसलीस?"

"कुणीतरी मडगावला जाईल, मला घेईल. घरी बसले तर कोण घेणार?" आणि मग तिचा हात धरून, "तू त्या दिवशी नाही म्हणालीस ते बरोबर केलंस. माझा नवरा बिनपरवान्याच्या ट्रकखाली गेला. पण आता परवाना काढशील का?"

किटूने तिच्या मांडीवरची पर्स उचलून घेतली. इनासची जुनी मोटार काढून तियाला मडगावला घेऊन गेली. परत आल्यावर दुकानात शिरली आणि म्हणाली, "यमे, जड गाडीचा परवाना काढते."

"महिनाभराची पाहुणी तू. परवाना घेऊन काय लोणचं घालणार?"

"ते नंतर बघू."

मग सुरू झाल्या आरटीओ कचेरीच्या फेऱ्या. खिडकीवरच्या माणसाने तिचं परदेशी नागरिकाचं ओसीआय कार्ड उलटसुलट करून पाहिलं. जन्म तळसांयचा, पासपोर्ट पोर्तुगालचा, नोकरी इंग्लंडची, आणि परवाना हवा मडगावच्या बसचा. असं प्रकरण त्यांच्याकडे आलंच नव्हतं. हा म्हणे त्याला विचारा, तो म्हणे वरच्या साहेबांना. किटू रोज जायची. ओरडली नाही, कुणाची ओळख काढली नाही. डब्यात रोज काहीतरी घेऊन बाकावर बसायची. शेवटी शेवटी खिडकीवरचा माणूसच तिला बघून म्हणायला लागला, "बाय, आज काय आणलंय?" तिने तिकडे कळवून बिनपगारी रजा वाढवून घेतली. इनासने विचारलं, "किती वाढवलीस?" ती म्हणाली, "पुरेल एवढी."

रायडेलचा फोन आला तेव्हा ती माझ्याच व्हरांड्यात होती. फोन मोठ्याने लावलेला.

"मम्मा, हे काय ऐकतो मी? तू तिथे बस चालवणार? त्या खड्ड्यांत?"

"खड्डे इथले माझ्या ओळखीचे आहेत, पुता."

"गंमत नको. सलग पाच वर्षं बाहेर राहिलीस तर इथे राहायचा हक्क जाईल. मग परत यायचं म्हटलंस तर येता येणार नाही. आणि लेया? ती रोज विचारते, ग्रॅनी कधी येणार. पपांचं ठीक आहे, त्यांना इथे जमलंच नाही. तुला जमलं होतं ना? तुझा फोटो आहे भिंतीवर!"

 मी आत जायला उठले तर किटूने हाताने बसवलं.

"पुता, फोटो आहे, त्याचा मला अभिमान आहे. तिथे मी हात जोडून गेले आणि मान वर करून राहिले. ते माझ्याकडून कुणी काढून घेणार नाही. पण तिथे मी रजेवर असले की दुसरा ड्रायव्हर बस नेतो, कुणाचं अडत नाही. इथे नाताळापासून एक म्हातारी थांब्यावर बसली आहे."

"म्हणजे आमच्यापेक्षा ती म्हातारी मोठी?"

"तू मोठा झालास, रायडेल. तेच तर करायला गेले होते मी."

 मग तो म्हणाला, "लेयाला तूच सांग." तिने सांगितलं. पाच वर्षांच्या लेयाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुझी नवी बस इथल्यासारखी लाल आहे का? निळी आहे म्हटल्यावर तिचा आवाज पडला. फोन ठेवल्यावर किटू माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. लहानपणी चिखलातून बाहेर काढल्यावरसुद्धा रडली नव्हती ती.

परीक्षेच्या दिवशी बॉस्त्यांवच बस घेऊन यायचा होता, म्हणजे कुणाच्या तरी ट्रकने ओढून. त्याचा राग गेला नव्हता, पण बस चालू होणार म्हटल्यावर आवाज मऊ झाला होता. मैदानावर तपासणारे साहेब छत्रीखाली उभे. किटूने चढण्याआधी बसला एक फेरी मारली. वाकून टायर बघितले, दिवे बघितले, आरसा पुसला. मग साहेबांसमोर येऊन म्हणाली, "साहेब, ही गाडी मी चालवणार नाही."

बॉस्त्यांवने कपाळावर हात मारला. "पुन्हा?"

"मागचा डावा टायर गुळगुळीत झालाय. बदल, मग बसते."

"अगे बाय, नुसती मैदानात फिरवायची आहे!"

"मग मैदानापुरताच बदल."

साहेब हसू दाबत बसच्या मालकाला म्हणाले, "पात्रांव, बदला टायर. मी थांबतो." उन्हात घामाघूम होऊन बॉस्त्यांवने टायर बदलला, सोबत इनासने जॅक धरला. मग किटू चढली. आठाचा आकडा काढला, चढावर थांबवून मागे न घसरता उचलली, शेवटी दोन खांबांच्या मध्ये उलटी नेऊन उभी केली. साहेबांनी इंजिन बंद करायला सांगितलं. उतरल्यावर विचारलं, "कुठे शिकलात?" ती म्हणाली, "सुरुवात याच गाडीत. त्या सीटवर बसून." आणि इंजिनाशेजारची सीट दाखवली. इनास तेव्हा जॅक पुसत होता. त्याने वर बघितलं नाही. पुसतच राहिला.

पहिली फेरी मे महिन्यातल्या एका सोमवारी सुटली. कंडक्टर पाहिजे होता, इनास म्हणाला, दारात उभं राहायला गुडघा लागत नाही. मी दुकान उघडून बघत उभी. निळी बस तिंट्यावर आली, चाकावर किटू, केस घट्ट बांधलेले, तिकडचा कंपनीचा गडद शर्ट घातलेला, फक्त बिल्ला काढलेला. आणि दारात, ज्याने तिला कधी बसला हात लावू दिला नाही तो तिचा नवरा, ओरडतोय, "मडगाव, मडगाव, मडगाव!"

मासेवाली फिलु टोपली चढवताना म्हणाली, "काय पात्रांव, बढती झाली?"

"बढतीच. आता मालकीण पुढे बसते."

"आधीही तीच पुढे होती, तुला दिसत नव्हती."

सगळी बस खळाळून हसली. पर्पेत तियाला पहिली सीट. पोरं फुटबॉलचे बूट गळ्यात अडकवून सरावाला निघालेली, त्यातला कप्तान चढताना जरा घुटमळला. किटू त्याला म्हणाली, "चढ रे. पुढच्या वर्षी वेळेवर पोचवते. गोल मात्र तुम्हीच घालायचे." त्याने कान पकडले.

मधे ती स्विंडनला जाऊन आली; तेवढे दिवस स्टेला मारिस पुन्हा फणसाखाली. नोकरी सोडायची तर रीतसर, काम संपवून, निरोप घेऊन. ते तिचं खूप लांबलं, कारण तिथली माणसंही तिला सोडवेनात. रोजच्या बसमधल्या बायकांनी केक केला. तो चौकात हात हलवणारा म्हातारा, तो पुढे तिचा नेहमीचा प्रवासी झाला होता, शेवटच्या दिवशी टाय बांधून आला आणि टेकडीपर्यंत उगाचच जाऊन परत आला. किटू म्हणते, त्या रात्री मला वाटलं, काय करते आहे मी? इकडे माणसं, तिकडे माणसं, आणि मी एकाच जागी बसू शकते. पण तिकीट काढलं होतं. ऑक्टोबरात ती आली, मोठ्या दोन पेट्या घेऊन. विमानतळावर रांग पुन्हा परदेशी माणसांचीच. साहेबाने विचारलं, किती दिवस? या वेळी मात्र ती मनात बोलली नाही. "कायमची," म्हणाली. त्याने मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला.

गावाला तिचं आता कौतुक आहे. पलीकडच्या दोन गावांतून बोलावणं आलं, आमच्याकडेही बस फिरवाल का म्हणून. बॉस्त्यांव बारमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की किटूला परत आणायची कल्पना मूळ त्याची. मी त्याला एकदा फणसाखालच्या कोंबड्यांची आठवण करून दिली, तर म्हणाला, "त्या मी बसची राखण करायला ठेवल्या होत्या."

पाच वर्षांचं ते घोंगडं अजून भिजत पडलं आहे. अधूनमधून तिथे जाऊन हक्क जिवंत ठेवावा की सोडून द्यावा, यावर इनासचं आणि तिचं अजून वाजतं. इनास म्हणतो, आता कशाला? ती म्हणते, दार बंद करायची घाई कशाला? संध्याकाळी लेयाचा फोन येतो तेव्हा ती बसमध्येच बसून बोलते, दिवा लावून, म्हणजे पोरीला बस दिसावी. निळा रंग लेयाने अजून पूर्ण माफ केलेला नाही.

नाताळाला रायडेल बायको-मुलीला घेऊन आला. तीन आठवडे घर भरून गेलं. नारळ-गुळाच्या दोदोलच्या वासाने चर्चच्या मागची सगळी गल्ली गोड झाली. रायडेल पहिल्या दिवशी नुसता थांब्यावर उभा राहून बघत होता, आई बस कशी वळवते. मग येऊन मला म्हणाला, "यमू आंटी, तिकडे तिच्या बसमध्ये मी कधी बसलोच नाही. लाज वाटायची." मी म्हटलं, "मग आता बस." तो बसला, आणि मडगावहून परत येताना तिकिटं त्यानेच फाडली.

ते गेले त्या दिवशी विमान पहाटेचं होतं. किटू आणि इनास त्यांना सोडून थेट तिंट्यावर आले. सकाळची पहिली फेरी सुटायची होती. मी म्हटलं, आजचा दिवस राहू दे. ती म्हणाली, "पर्पेत तियाचं इंजेक्शन आहे." डोळे सुजलेले होते. मी पेला भरून चहा दिला, तो तिने उभ्याउभ्या प्यायला.

"यमे, विमानतळावर आजपर्यंत मी काचेच्या आत जाणाऱ्यांतली होते. आज पहिल्यांदा बाहेर उभी राहून हात हलवला."

"कसं वाटलं?"

"वाईट." तिने पेला खाली ठेवला. "पण पाय जमिनीवर होते."

मग ती चाकावर चढली, आरसा सारखा केला, इंजिन सुरू झालं. बसच्या पुढ्यात कुणीतरी स्कूटर आडवी लावून बारमध्ये गेलं होतं. किटूने असा काही भोंगा वाजवला की चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"कुणाची रे ही स्कूटर? बॉस्त्यांव, तुझीच ना? काढ आधी, माझी माणसं खोळंबली आहेत!"